पेटीत काय आहे, किरणबाबू?

माझी आई पुण्याहून फोन करते तेव्हा पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "जेवलीस का?" हल्ली असतो, "आज मुधोळकरांनी काय केलं?" रोजचा एक धरला तरी वर्षभरात किती किस्से झाले बघा! मैत्रिणींना सांगताना आता माझीच सरमिसळ व्हायला लागलीय, म्हणून लिहूनच काढते.

तर मी हैदराबादला मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमच्या गेममध्ये पेट्या असतात. नव्व्याण्णव रुपये भरायचे, पेटी उघडायची. आत कधी साधी टोपी, कधी तलवार, आणि नशीब फळफळलं तर सोनेरी ड्रॅगन! अशा पेट्यांवर देशोदेशी नियम यायला लागले, तसे आमचे मालक घाबरले आणि गेम तपासायला एक छोटी टीम झाली. मी, तक्रारींचे फोन घेणारी नाझिया आणि सल्लागार म्हणून मुधोळकर काका.

काका वजनमापं खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. आयुष्य बेगम बाजारातले तराजू तपासण्यात गेलं. घराणं निजामाच्या काळापासून इथलंच, त्यामुळे मराठीत "हो"ला "हौ" आणि "नको"ला "नक्को" येताजाता. गेम म्हणून जन्मात फक्त कॅरम खेळलेले! आणि मालकांनी ठरवून टाकलं, काकांच्या सहीशिवाय गेममध्ये नवीन काही जाणार नाही.

*

पहिल्या दिवशी किरणने डेमो दिला. किरण म्हणजे आमचा गेमचा मुख्य. हुशार तेलुगू मुलगा, बोलायला लागला की थांबत नाही.

"सर, ही पेटी."

"आत काय आहे, किरणबाबू?"

"ते उघडल्यावर कळतं."

"वजन?"

"नाही, सर."

"नग किती?"

"तेही उघडल्यावरच."

"भाव?"

"नव्व्याण्णव!" किरण खुशीत म्हणाला. शेवटी एका प्रश्नाचं उत्तर होतं ना!

काकांनी चष्मा पुसला. "बेगम बाजारात कुणी असं पोतं विकलं असतं, तर मी पोत्यासकट दुकानदार उचलला असता!"

*

ड्रॅगन मिळण्याची शक्यता किती, हे गेममध्ये लिहिलेलं होतं. चौथ्या स्क्रीनवर, तळाशी, पांढऱ्यावर फिकट राखाडी. काकांनी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि फोनवर ठेवली.

"एक मिलिमीटरसुद्धा नाही. बिस्किटाच्या पुड्यावर याच्यापेक्षा मोठं असतं."

"सर, मोठं केलं तर लुक जाईल," किरण म्हणाला.

"जाऊ दे. मी कुठं त्याचं लग्न लावायलोय!"

आठ दिवसांनी अक्षरं ठळक झाली, पहिल्या स्क्रीनवर आली. हजारात तीन. नाझियाने ते वाचलं आणि ओरडलीच, "हजार में तीन? मेरे कू हौला बनाए ना!" हौला म्हणजे इथल्या बोलीत बावळट. बाईसाहेब दोन महिने स्वतःच्या पैशांनी आपल्याच कंपनीच्या पेट्या उघडत होत्या!

काकांनी शांतपणे रिपोर्टात लिहिलं: "ग्राहकाची प्रतिक्रिया: हौला."

*

"दहा मिनिटांत ऑफर संपेल!" असं एक घड्याळ गेममध्ये टिकटिकायचं. काका त्याच्यासमोर चहा घेऊन बसले. दहा मिनिटं संपली. घड्याळ पुन्हा दहावर!

काका किरणकडे गेले. "घड्याळ बिघडलंय."

"बिघडलं नाही सर, ते तसंच आहे."

"हौ? नामपल्लीच्या प्रदर्शनात एक चादरवाला रोज 'आखरी दिन' ओरडायचा. पण प्रदर्शन संपल्यावर तो घरी तरी जायचा!"

घड्याळ गेलं.

*

नाझिया जेवायला गेली असताना एक फोन काकांनी घेतला. सिकंदराबादचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. म्हणाले, "साहेब, मला गेम सोडायचाय, पण बंद करायला गेलं की घोडा रडतो."

"कोण रडतो?"

"घोडा. 'मला टाकून चाललात?' म्हणतो. मग मी थांबतो, मग पेटी उघडतो. बायको म्हणते, त्या मुक्या जनावराला रडवू नका!"

काकांनी आधी गेम उघडून खात्री केली. घोडा खरंच रडत होता. अगदी टपोरे अश्रू!

"किरणबाबू, भाव पाडायला रडणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली. माल खपवायला घोडा रडवणारे तुम्ही पहिलेच!"

किरणलाही हसू आलं. त्याने स्वतःच अश्रू काढून टाकले. काकांनी मग त्या गृहस्थांना आवर्जून फोन केला. "तुमचा घोडा आता खुशाल आहे. तुम्ही निघा."

*

हा किस्सा मात्र जरा वेगळा. "हजारात तीन" खरे आहेत का, हे काकांना स्वतः बघायचं होतं. टेस्टिंगच्या फोनवर पेट्या फुकट उघडतात. किरण म्हणाला, "कंप्यूटर करेल, सर." काका म्हणाले, "नक्को. दुकानदाराच्या वजनाने दुकानदाराचा तराजू तपासत नाहीत."

तीन दिवस बसून एका बोटाने पेट्या उघडल्या, एकेक वहीत टिपत! टोपी, टोपी, तलवार, टोपी. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम तुताऱ्या, फटाके, सोनेरी उजेड, आणि काका खुर्चीवरून उठून ओरडले, "आला रे आला!" अख्ख्या मजल्याने टाळ्या वाजवल्या.

काका मात्र हळूच खाली बसले. मला म्हणाले, "बाई, माझा रुपया गेला नाही, तरी छाती धडधडायलीय. ज्याचे जातात त्याचं काय होत असेल?"

*

आज आमच्या गेममध्ये माणसाला दिवसाला पाचच पेट्या उघडता येतात. ते कसं झालं, ते सांगते.

ही मर्यादा काकांनीच मागितली. नाही तर सणाच्या नव्या पेटीवर सही करणार नाही, म्हणाले. किरण भडकला. प्रकरण मालकांपर्यंत गेलं. मालक मुंबईचे, मराठीच. विमानाने आले, सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं.

"मुधोळकर, हजारात तीन असं एवढं मोठं लिहिलंय. ते वाचून शहाणा माणूस आपोआप थांबतो. मर्यादा कशाला हवी? हा बघा माझा फोन, माझं कार्ड. एक उघडतो आणि ठेवून देतो."

उघडली. टोपी.

"आता तलवार तरी येईल," म्हणाले. दुसरी उघडली. टोपी. मग तिसरी. मग आम्हाला सांगायचंही थांबले. कोट काढून खुर्चीला लावला. किरण पाणी प्यायला. नाझियाने माझा हात घट्ट धरला. काका सहीचा कागद समोर ठेवून, पेन उघडून बसलेले.

इतक्यात त्याच फोनवर मालकीणबाईंचा फोन आला. बोट चुकून स्पीकरवर पडलं.

"अहो, कुणीतरी तुमचं कार्ड चोरलंय! बँकेचे मेसेज थांबेचनात! ताबडतोब बंद करायला सांगू ना?"

मालकांनी आमच्याकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ नेऊन हळू आवाजात म्हणाले, "सांग गं… पण दोन मिनिटांनी सांग!"