जड जीप आणि खाडीची भरती

बडोद्याच्या फतेगंजमध्ये अविनाश जगदाळेच्या जीपला ‘गोडाऊन’ म्हणतात. टपावर लोखंडी जाळी, जाळीवर दोन स्टेपन्या. मागे चिखलात चाकाखाली घालायच्या जाड पत्र्याच्या फळ्या, एक वापरायचा जॅक आणि एक राखीव, साखळी, कुदळ, दोर, पाण्याचे कॅन, ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. पुढे जाड पाइपांचा बंपर. गल्लीत कोणी विचारलं, “अविनाशभाई, अ‍ॅव्हरेज काय देते?” तर तो म्हणतो, “देते की.” आकडा सांगत नाही. सांगण्यासारखा नाहीच तो.

जीप पूर्वी अशी नव्हती. अविनाशचे वडील गणपतराव साताऱ्याकडून रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून बडोद्याला आले. अविनाशने वाघोडियाच्या कारखान्यांत पाळीची माणसं पोचवली, मग चारही चाकांनी ओढणारी ही जुनी जीप घेतली आणि जमिनीच्या सर्वेक्षणाच्या कामांना लावली. डांबर संपलं की त्याचं काम सुरू होतं. वीसेक वर्षं त्यात गेली, आणि तोवर त्याला कोणी भित्रा म्हटलं नव्हतं.

मग विश्वामित्रीला पूर आला. अविनाशने दाराशी वाळूची पोती रचली आणि तो दाराकडे डोळे लावून उभा राहिला. पाणी दारातून आलंच नाही. ते मागून, मोरीतून आलं. त्याच्या बायकोने, मोहनाने, हाक मारली तेव्हा ती ओट्यावर चढून बसली होती आणि गॅसचं सिलिंडर स्वयंपाकघरात तरंगत होतं. पुढच्या गल्लीत मगर दिसल्याचं लोक ओरडत होते. दोघांना काही झालं नाही. पण पाणी उतरल्यावर जीपमध्ये एकेक वस्तू चढत गेली आणि चढलेली वस्तू पुन्हा उतरली नाही.

“आता मलाच तेवढं टपावर बांधा,” मोहना म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात त्याला जंबुसरच्या पलीकडचं काम मिळालं. खाडीकाठी समुद्राला अडवणारा मातीचा बंधारा आहे. त्याच्या बाहेर ओहोटीच्या वेळी मैलोगणती राखाडी चिखल उघडा पडतो. तिथे बोअर घेऊन मातीचे नमुने काढायचे होते. कामावर मुग्धा चिटणीस ही बडोद्याचीच तरुण इंजिनिअर होती, आणि बोअरच्या यंत्रावर जवळच्या गावचा रमणभाई. रमणभाईने पहिल्याच दिवशी जीपभोवती चक्कर मारली होती. “आ गाडी छे के घर? भाभीला कुठे ठेवलं?”

जीपमधून एकच गोष्ट मुग्धाने उतरवायला लावली. राखीव डिझेलचा कॅन.

“वास लागतो नमुन्यांना, अविनाशभाई. लॅबवाले सगळे परत पाठवतात.”

त्याने कॅन गावात रमणभाईच्या ओसरीवर ठेवला. जीपमध्ये रिकामी झालेली जागा त्याला बघवेना. तिथे त्याने पाण्याचे आणखी दोन कॅन ठेवले.

भाड्याच्या गाडीवाल्याचं आयुष्य किलोमीटरवर चालतं. भाडं किलोमीटरवर, ऑइल किलोमीटरवर, टायरही किलोमीटरवर. जीपचा डिझेलचा काटा पुरापासून अर्ध्यावरच थरथरत असे, त्याकडे अविनाश बघतही नसे. तो किलोमीटर बघायचा. एके दिवशी बोअर घेताना किलोमीटर जेमतेम सरकले होते, म्हणून तो निर्धास्त होता. सामानाच्या आणि बोअरच्या पाइपांच्या वजनाने दबलेली जीप सकाळपासून खालच्या गिअरमध्ये गुरगुरत होती. रुतलेला पाइप ओढायला इंजिन तर सतत चालूच ठेवलं होतं. पण त्यात चाकं फारशी फिरली नव्हती, तेव्हा मीटरने ते मोजलं नाही आणि अविनाशनेही मोजलं नाही.

पाइप निघाला तेव्हा उशीर झाला होता. नमुन्यांच्या पेट्या चढवून ते बंधाऱ्याच्या दिशेने निघाले आणि थोड्याच अंतरावर इंजिनाने आचका दिला. एकदाच. मुग्धाला ते कळलंही नाही. अविनाशला कळलं. त्याने जीप थांबवली, खाली उतरला, पान्याने टाकीवर ठोकलं. टाकी पोकळ वाजली.

“किती आहे?” मुग्धाने खिडकीतून विचारलं.

“माहीत नाही, मॅडम.”

“अंदाजे?”

“अंदाजच चुकला ना.”

ती उतरली. समुद्राकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं, क्षितिजापर्यंत नुसता चिखल आणि एक चकाकणारी रेघ. तिने हायसं वाटून श्वास सोडला. रमणभाई मात्र उलट्या दिशेला, बंधाऱ्याकडे बघत होता.

“मॅडम, तिकडे नाही. इकडे.”

त्यांच्या आणि बंधाऱ्याच्या मध्ये एक नाळ होती, भरतीच्या पाण्याने चिखलात कोरलेली लांब घळ. सकाळी तिच्या कोरड्या तळातून जीप सहज पलीकडून आली होती. आता त्या तळातून पाणी सरकत होतं. लाट नाही, आवाज नाही. बाजूने कुठून तरी वळसा घालून ते त्यांच्या पाठीमागे आलं होतं.

अविनाशला घरची मोरी दिसली, मोरीच्या भोकातून वर येणारा बुडबुडा दिसला. त्याने जीपच्या दाराला धरून ठेवलं.

“चालत जाऊ या?” मुग्धा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“नाळेच्या गाळात कमरेपर्यंत जाशो, बेन. मग मीच तुमचा बोअर घ्यायचा,” रमणभाई म्हणाला. त्यावर तोही हसला नाही.

“मग वजन कमी करू या. पेट्या टाका. नमुने परत काढता येतील.”

अविनाशने पेट्यांकडे बघितलं, मग बाकीच्या सगळ्याकडे. जीपमध्ये सर्वांत जड होतं ते त्याचंच.

“पेट्या राहू द्या,” तो म्हणाला.

आधी त्याने पाण्याचे कॅन उघडून उपडे केले. गोडं पाणी चिखलावर भळाभळा सांडलं.

“दरियाला पाणी पाओ छो, अविनाशभाई?” रमणभाई म्हणाला आणि साखळी उचलून भिरकावली. जॅक गेला, राखीव जॅक गेला. टपावरच्या स्टेपन्यांचे दोर सुटेनात. शेवटी मुग्धाने गाठी कापल्या. स्टेपन्या खाली पडल्या, चिखल त्याच्या तोंडावर उडाला. प्रत्येक वस्तू हातातून सुटताना आता हीच लागणार असं त्याला वाटे, आणि तरी तो टाकत होता. बोअरचे पाइप रमणभाईने टाकले. कुदळ, दोर. ट्यूब उचलली तेव्हा मुग्धा म्हणाली, “ही असू दे. हिचं काय वजन!” ती ट्यूब मांडीवर घेऊन बसली.

फळ्या नाळेपर्यंत नेल्या. पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. रुतू नये म्हणून रमणभाईने आणि अविनाशने बसवलेल्या फळीवर उभं राहून पुढची फळी पाण्याखाली चाचपून बसवली. जीप त्यांवरून एका दमात पलीकडे गेली. फळ्या घ्यायला कोणी थांबलं नाही. हलकी झालेली जीप चिखलावरून जवळजवळ घसरत निघाली, आणि आरशात बघायची अविनाशची हिंमत झाली नाही.

बंधाऱ्याचा चढ लागला. जीपने नाक वर केलं, अर्ध्यावर गेली, आणि इंजिन आचके देऊ लागलं. अविनाशने ती लगेच मागे सोडली, पायथ्याला आणली.

“काय झालं? जाऊ द्या ना वर!” मुग्धा ओरडली.

“या टाकीत डिझेल ओढणारी नळी पुढच्या बाजूला आहे. चढताना आहे ते सगळं मागे जातं. एकदा हवा ओढली की संपलं, मग इंजिन लवकर चालू होत नाही.” त्याने गिअरवर हात ठेवला. “उतरा दोघं. चढून जा. मी उलटा येतो.”

त्याने जीप पायथ्याशीच वळवली. आता शेपूट चढाकडे आणि नाक खाडीकडे. रिव्हर्स टाकला. मागून रमणभाईच्या आरोळ्या येत होत्या, “सीधा! सीधा आवा दो! थोडं डावं!” अविनाशने मागे बघायला हवं होतं. पण काचेत समोर सगळी खाडी भरली होती, आणि नजर तिथून हलेना. ज्या जागी ते थांबले होते ती जागा गेली होती. नाळ गेली होती. पाणी सगळीकडून एकदमच येत होतं आणि पायथ्यावरच्या त्याच्या चाकोऱ्या भरत होतं. घामाने स्टिअरिंग हातातून निसटत होतं. तो रमणभाईच्या आवाजावर जीप वर नेत राहिला. इंजिन एकदा अडखळलं, पुन्हा धरलं. मागची चाकं सपाटीवर आली, मग पुढची, आणि बंधाऱ्यावर आडवी होऊन जीप बंद पडली.

खाली एक स्टेपनी तरंगत होती, दूर जात होती. दुसरी दिसली नाही. मुग्धाच्या हातात अजून ट्यूब होती.

रमणभाई गावातून मोटारसायकलवर तोच ओसरीवरचा कॅन घेऊन आला. डिझेल ओतलं, हातपंप मारून नळीतली हवा काढली, तेव्हा कुठे इंजिन बोललं. परतीच्या रस्त्यावर जीपमध्ये खडखडाट नव्हता. पादरा गावाच्या अलीकडे अविनाशने गाडी कडेला घेतली, उतरून मागचं दार उघडलं, पेट्या बघितल्या, रिकामी जागा बघितली आणि पुन्हा बसला.

“सामान?” मोहनाने दारातच विचारलं.

“खाडीत.”

ती त्याच्या चिखलाने भरलेल्या तोंडाकडे बघत राहिली. “मग आता अ‍ॅव्हरेज चांगलं देईल,” ती म्हणाली, आणि पाणी तापवायला आत गेली.

एक बोअर राहिला होता. पुढच्या आठवड्यात तिघं त्याच चिखलावर परत गेले. जीपमध्ये नवे पाइप, एक जॅक आणि ट्यूब एवढंच होतं. डिझेलचा कॅन ओसरीवरच राहिला, पण टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. डॅशबोर्डवर मोहनाच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ तारेने बांधलं होतं. इंजिन किती वेळ चाललं ते आता तो त्यावर बघत होता.

त्याने जीप समुद्राकडे नाक करून उभी केली आणि आरसा वळवून त्यात नाळ घेतली. बाकी दोघं बोअरवर लागले. अविनाश स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून जागेवरच बसून राहिला, एकदा समोर आणि एकदा आरशात बघत.

“ऊंघी गया के, अविनाशभाई?” रमणभाईने लांबून विचारलं.

“झोप कुठली इथे,” अविनाश म्हणाला. “तू हात चालव.”