अण्णांच्या मुंग्या

देवावर माझा विश्वास होता, पण भरवसा नव्हता. या दोन्हींतला फरक मला परभणीच्या एका दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकावर कळला. आत माझे वडील, अण्णा, बेशुद्ध होते. आमच्या गावच्या, बोरीच्या मारुतीची पूजा त्यांनी उभा जन्म केली. शेतात पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली आणि जंतू रक्तात पसरले. मी स्वभावाने तापट. एवढ्या चाकरीचं हेच का फळ, म्हणून देवाशी रोज मनात भांडत होते.

अण्णांना मधुमेह कधीच नव्हता. पण अशा आजारात शरीराच्या ताणाने रक्तातली साखर वाढते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून शिरेतून हळूहळू इन्सुलिन चालू होतं आणि दर तासाला बोटाला टोचून साखर बघत. "फार चढली तर वाईट, फार उतरली तर त्याहून वाईट," ते म्हणाले. "शुद्धीतला माणूस चक्कर येतेय म्हणून सांगतो. यांना सांगता येणार नाही." मी मान डोलावली, पण ऐकलं अर्धंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाने गावाहून पंचामृत आणलं. तोंडात काही घालायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. मी मनात म्हटलं, तोंडाला नको ना, हाताला कोण नाही म्हणालंय? भेटीच्या वेळी आत गेले, अण्णांची बोटं वाटीत बुडवली, त्यांच्याच कपाळाला टेकवली आणि पदराने पुसली. लहानपणी याच बोटांनी ते आम्हाला प्रसाद द्यायचे. शनिवारी पूजा झाली की पिठात साखर कालवून देवळामागच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांना घालायचे. आम्हाला चिमूटभर आणि मुंग्यांना मूठभर, म्हणून मी त्यांना चिडवायची. ते हसायचे. "तुमाला मागता येतंय, बाई. त्यायला कुठं येतंय?" अजूनही शनिवारी तो पिठाचा वास आठवतो.

मी बाहेर आले आणि थोड्याच वेळात अण्णांची साखर एकदम चढल्याचं कळलं. इन्सुलिन वाढवलं. तासाभराने पुन्हा तेच, पुन्हा वाढवलं. बाहेर मी डोळे मिटून जप करत होते. जप कसला, हुकूमच सोडत होते देवाला, की साखर उतरव, आत्ताच्या आत्ता उतरव.

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या पेडगावच्या मावशी बाहेर आल्या. "ताई, बाबाच्या हाताला काय गोड लावलंव का तुमी? मुंग्या चढायल्यात."

नाही म्हणावं, असंच आधी मनात आलं. खरं सांगितलं तर पुन्हा आत सोडणार नाहीत, याची भीती होती. पण "त्यायला कुठं येतंय" हे अण्णांचं बोलणं आठवलं आणि मी म्हणाले, "पंचामृत लावलं."

नर्सने अण्णांचा हात साबणपाण्याने धुतला, नीट कोरडा केला आणि नवा थेंब घेतला. साखर चढलेली नव्हतीच, धोक्याइतकी खाली गेली होती. चढलेली दिसली ती बोटावरच्या पंचामृताची. ती नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने निघाली नव्हती. इन्सुलिन ताबडतोब थांबवलं आणि शिरेतून ग्लुकोज दिलं. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले. मला रागावले, आणि आधी हात धुवायला हवा होता, आमचंही चुकलं, असंही म्हणाले. मी देवाकडे जे मागत होते तेच आत होत होतं, आणि त्यानेच अण्णा जाणार होते.

मावशींना मी विचारलं, इथे मुंग्या नेहमी असतात का? "न्हाई बाई. रोज फिनाईल मारतेय मी. कवा दिसली न्हाई एक पण." याचा अर्थ मी लावत बसले नाही. त्यांच्या पाया पडले.

अण्णा बरे होऊन बोरीला परतले आणि पुढे तीन वर्षं जगले. मी सगळं कबूल केलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. "देवाला काम सांगावं, बाई. कसं करायचं ते सांगू न्हाई."

आता शनिवारी मीच लिंबाखाली साखर-पीठ घालते. मग हात स्वच्छ धुते, आणि त्यानंतरच जोडते.