माझी पोकरवाली भिडू

“मी नाही,” असं म्हणून तिने हातातले पत्ते उलटे करून टेबलाच्या मध्यावर सरकवले आणि चिवड्याची बशी पुढे ओढली. दोह्यात अल मन्सूरातल्या आमच्या घरी शुक्रवारची मेंढीकोटाची बैठक होती, पहिलाच डाव होता, आणि ती माझी भिडू होती. आमचे हे हसून हसून वाकले. अहो, मेंढीकोटात असं मधेच अंग काढून घेता येतं का? वाटलेला प्रत्येक पत्ता खेळावाच लागतो. मी तिला दटावून पत्ते परत उचलायला लावले. तिने उचलले खरे, पण नाइलाजाने. वाईट पत्ते हातात धरून बसायची तिला सवयच नव्हती.

कारण ही बाई व्यवसायाने पोकर खेळणारी, आणि पोकरमध्ये वाईट पत्ते आले की ते टाकून डाव सोडता येतो. गोव्याच्या कॅसिनोत तिचा खेळ बघायला लोक मागे उभे राहत, परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत तिने नाव काढलं होतं, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले होते. मग नवऱ्याला इथे गॅस कंपनीत नोकरी लागली आणि ती दोह्याला आली. इथे पत्त्यांवर पैसे लावायची सोय नाही, त्याला कायद्याचीच बंदी. तेव्हा ती अल रय्यानमधल्या आमच्या ऑफिसात खरेदी विभागात लागली आणि माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली.

भाव करणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. ही भाव करतच नसे. सप्लायर आकडा सांगायचा आणि ती नुसती त्याच्याकडे बघत राहायची. मला इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की मीच उठून चहा सांगायचे. चहा येईपर्यंत समोरचा आपणहून खाली आलेला असायचा. तुला हे कळतं तरी कसं, असं मी एकदा विचारलं.

“ताई, माणूस थाप मारताना ताठ असतो. मारून झाली की खांदे सोडतो. आपण खांदे बघायचे.”

तेव्हापासून मी घरी नवऱ्याचे खांदे बघते. बरंच कळतं.

ऑफिसातली तरुण मंडळी तिच्याभोवती जमायची. त्यांना नामांकित खेळाडूंचे किस्से हवे असायचे, काळे चष्मे, शॅम्पेन वगैरे. ती सांगायची की ते लोक वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात आणि दिवसभर पत्ते टाकून देतात. मंडळी हिरमुसून कामाला जायची.

माझं माहेर नाशिकचं, तिचंही. इथून कुणी गावी निघालं की त्याच्या बॅगेत चार घरांची पुडकी असतातच. तशी मी तिच्या वडिलांसाठी खजूर घेऊन गेले. निवृत्त मुख्याध्यापक. लेक पत्ते खेळून पोट भरते, म्हणून ते कित्येक वर्षं तिच्याशी धड बोलले नव्हते. कतारच्या नोकरीने ते बोलायला लागले. मला त्यांनी सगळ्या सोसायटीत फिरवलं, “या आमच्या मुलीच्या कंपनीतल्या,” असं सांगत. भिंतीवर तिचा फोटो होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र असलेला. पोकरचा एकही नव्हता.

मी परत आल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल, तर भिंतीवर कुठला फोटो आहे ते. मी सांगितलं. “छान आलाय तो,” म्हणाली आणि कामाला लागली.

आणि मग एके दिवशी तिने राजीनामा दिला. एका मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं होतं आणि तिला पुन्हा पूर्णवेळ खेळायचं होतं. नवरा जा म्हणाला. मी मात्र तिला वेड्यात काढलं. चाळिशी उलटली, नवी पोरं कॉम्प्युटरवर शिकून येतात, त्यात वडील आत्ता कुठे निवळलेत. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मी अजून चांगली खेळते, ताई. मला माहीत आहे.”

आपली उंची सांगावी इतक्या सहज म्हणाली.

विमानतळावर मीच तिला सोडलं. गाडीतून तिने वडिलांना फोन लावला आणि नोकरी सोडून खेळायला निघाल्याचं सरळ सांगितलं. फोन स्पीकरवर होता; पलीकडून त्यांनी एवढंच विचारलं,

“लोकांना काय सांगू मी आता?”

“खरं ते सांगा, बाबा.”

फोन बंद झाला. जिच्या चेहऱ्यावरची रेघ हललेली ऑफिसात कुणी पाहिली नव्हती, ती अल थुमामाच्या सिग्नलला ढसाढसा रडली. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तितकीच काळजीही वाटली. सिग्नल सुटला तसं नाक पुसून म्हणाली, “यल्ला, चला ताई, विमान चुकेल.”

आता शुक्रवारी आम्ही चौथा माणूस शोधत असतो. नवी भिडू सगळे पत्ते निमूटपणे खेळते आणि मी हरते.

परवा त्या स्पर्धेचं थेट प्रक्षेपण लावलं. निवेदक एकेका खेळाडूला नाव पुकारून टेबलावर बोलावत होता. तिने नाव आपल्या रीतीने पूर्ण नोंदवलं होतं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निवेदक वडिलांच्या नावाशी अडखळला आणि ते गाळून पुढच्या खेळाडूकडे वळला. ती खुर्चीपाशी उभीच राहिली. हात वर करून तिने त्याला थांबवलं, वडिलांचं नाव सावकाश म्हणून दाखवलं, आणि त्याने ते सगळ्यांसमोर नीट म्हटल्यावर मगच बसली.