हमीद मशिदीतच होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मोठ्या भावाला नाही. नमाजनंतर हात उचलून दुआ मागतो, तेव्हासुद्धा हा विषय टाळून मी पुढचंच मागतो — आरोग्य, मुलीचं लग्न, गुडघेदुखीला उतार. जणू अल्लाला ठाऊकच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कागद उलटतपासणी करत नाही.

नावं बदलली आहेत. तीही भीतीच म्हणा.

मी पन्नाशी ओलांडलेला, नीटनेटका माणूस. हिंजवडीतल्या एका कंपनीत बसगाड्यांचं बघतो — कुठली बस कुठून निघेल, कोण कुठे चढेल, ड्रायव्हर आला नाही तर दुसरा कोण. मंडईत जातानाही भाज्या गाळ्यांच्या क्रमाने लिहून नेतो, उलटं फिरावं लागू नये म्हणून. बायको हसते. मंडईमागच्या आमच्या मशिदीचा मी सेक्रेटरी झालो तो या सवयीमुळेच. माझ्यापेक्षा चांगले नमाजी पुष्कळ होते. पण रमजानात टँकर कधी सांगायचा, इफ्तारची फळं कोण कापणार, रात्रीच्या तरावीहच्या नमाजला गर्दी झाली की चटया कुठून आणायच्या — हे माझ्याइतकं कुणाला जमत नव्हतं.

हे सगळं मी का सांगतोय? मुद्द्यावर येत नाहीये, हे मलाही कळतंय.

हमीदपासून सुरू करतो. हमीद माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही दोघं मराठी शाळेतले, त्यामुळे घरी दखनी बोलत असलो तरी एकमेकांशी मराठीच. त्याचं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. मला बघितलं की विचारायचा, "काय सेक्रेटरीसाहेब, आज श्वास घ्यायचं यादीत आहे ना?" असा माणूस. आणि मग आमच्याच वस्तीतल्या एका तरुणाला पकडून नेलं, कसल्यातरी कटाच्या संशयावरून. वर्षं गेली, खटला उभाच राहिला नाही. त्याची आई हमीदच्या दुकानात अर्ज टाइप करायला यायची. हमीद आधी अर्ज टाइप करायचा, मग स्वतःच लिहायला लागला, मग तिच्याबरोबर कचेऱ्यांत जायला लागला. शेवटी चौकात हातात बोर्ड घेऊन उभा राहायला लागला — खटला चालवा, नाहीतर सोडा. एवढंच लिहिलेलं. त्याच्यासोबत हळूहळू माणसं उभी राहू लागली. आमची होती, इतरही होती. एक निवृत्त बाई तर सदाशिव पेठेतून चालत यायच्या. कुणी ओरडायचं नाही. तास-दीड तास उभं राहायचं आणि घरी जायचं.

मी कधी उभा राहिलो नाही. ऑफिस होतं — असं मी म्हणायचो.

त्या वर्षी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत हमीद एतकाफला बसला. एतकाफ म्हणजे दहा दिवस मशिदीतच राहायचं. तिथेच झोपायचं, तिथेच रोजा सोडायचा. संडास किंवा वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, अशी गरज सोडून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर एतकाफ मोडला. कोपऱ्यात चादरीचा पडदा लावतात आणि माणूस त्यामागे असतो. तो पडदा मीच बांधून दिला होता. फोन त्याने घरी ठेवला होता. दुसरे होते कासीमचाचा, म्हातारे शिंपी, समोरच्या कोपऱ्यात. त्या वर्षी दोघंच बसले होते.

त्या दिवशी सकाळी मी बससाठी निघालो होतो, आणि चौकातून मला फोन आला. हमीद नसतानाही लोक बोर्ड घेऊन जमले होते. पोलिसांनी परवानगी नाकारली होती, बाचाबाची चालली होती. फोन करणारा म्हणाला, "तुम्ही सेक्रेटरी आहात, हमीदभाईंना पाठवून द्या. त्यांचंच सगळे ऐकतात."

मी मशिदीत गेलो. कासीमचाचांचा डोळा लागला होता. हमीद पडद्याआड कुराण वाचत होता. मी सगळं सांगितलं.

"मी उठणार नाही," तो म्हणाला. "बसलोय ना मी."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"तुझ्या बसचा असेल. याचा नाही." मग म्हणाला, "आणि मी गेलो तर गर्दी वाढेल. तू जा. सांग, बोर्ड गुंडाळा, घरी जा. ईदनंतर बघू."

मी त्याला पुन्हा समजावत बसलो. खरं तर मला चौकात जायचं नव्हतं, म्हणून बसलो. आम्ही बोलत असतानाच चौकाकडून आरडाओरडा ऐकू आला, मग शिट्ट्या, मग पळणारी पावलं. हमीद उठला. दारापर्यंत आला. चौकट धरून उभा राहिला — मी त्याच्या पायांकडे बघत होतो, मला अजून दिसतात. मग तो वळला आणि परत पडद्याआड जाऊन बसला.

मी मागच्या बोळातून निघालो आणि उशिराची बस पकडून हिंजवडीला गेलो.

चौकात एका हवालदाराला दगड लागला होता. डोकं फुटलं. त्याच संध्याकाळी, इफ्तारच्या जरा आधी, हमीदला मशिदीतून नेलं. त्याने खजूर हातात घेतलेला होता. जमावाच्या पुढे उभं राहून त्यानेच दगडफेक घडवली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. त्याचं चौकातलं उभं राहणं कितीतरी दिवस त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आता निमित्त मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? हमीद मशिदीत होता, तुम्ही समोर बसला होता — जाऊन सांगायचं.

दोन दिवसांनी एक अधिकारी मशिदीत आले. अगदी सभ्य. बूट बाहेर काढले, टोपी मागून घेतली. कासीमचाचांनी सरळ सांगितलं, हमीद इथेच होता. साहेबांनी हसून विचारलं, "आजोबा, सकाळी डोळा लागला होता का तुमचा?" चाचा खोटं बोलणारे नव्हते. हो म्हणाले. मग साहेब माझ्याकडे वळले.

"तुम्ही समजूतदार दिसता. आम्हाला फक्त एकच माणूस हवाय. चौकातून फोन झाला, मशिदीत निरोप घेऊन कुणीतरी आलं आणि याला घेऊन गेलं. तो निरोप्या सापडला की साखळी पूर्ण."

कळलं ना? हमीद बाहेर पडला नाही हे सांगायचं, तर निरोप्या मीच, हे आधी सांगावं लागणार होतं. ते माझं पहिलं वाक्य ऐकतील, दुसरं ऐकतील का? ही माझी भीती होती. त्याच महिन्यात वारज्याला फ्लॅट ठरत होता. चार ठिकाणी "आम्ही फक्त फॅमिलीला देतो" असं ऐकून झालं होतं. आम्ही फॅमिलीच होतो, पण असो. पाचव्या ठिकाणी मालक तयार झाला होता, पोलीस पडताळणी व्हायची होती. मुलीची पहिली नोकरी, तिचीही पडताळणी. माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं ओळीने उभं राहिलं.

मी म्हणालो, "मी ऑफिसला होतो. इथे कोण येतं, कोण जातं, याची आम्ही नोंद ठेवत नाही."

नोंद ठेवत नाही — मी.

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित घाबरलो होतो असं म्हणून झाकलं असतं. थांबलो नाही. पुढे हमीदची वकीलबाई माझ्या घरी आली. तरुण, सडसडीत, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारी. बायकोने चहा दिला. ती म्हणाली, "हमीद म्हणतात, त्या वेळी तुम्ही त्यांच्यासमोर बसला होता."

बायको दारात उभी होती.

मी म्हणालो, "त्याची दिवसांत गल्लत होतेय. मी आदल्या दिवशी गेलो होतो. रोज्यात, त्यातून तुरुंगात — माणसाला होतं असं."

ऐकलंत? मी त्याला नुसता एकटा सोडला नाही. मी त्याच्या खऱ्याला भ्रम ठरवलं. तेही काळजीच्या सुरात.

वकीलबाईने कप खाली ठेवला. "आठवण परत आली तर कळवा," ती म्हणाली. "कोर्टाकडे वेळ भरपूर आहे. हमीदकडे नाही."

साक्ष लपवू नये, जो लपवतो त्याचं काळीज गुन्हेगार — आमच्याकडे हे सांगितलेलं आहे. शुक्रवारच्या बयानात, इमामांच्या प्रवचनात, मी ते कितीदा ऐकलंय. माइक लावून मीच मागे बसलेला असतो.

हमीदने माझं नाव पुन्हा कुणाकडे काढलं नाही. जामीन नाकारला गेला, पुन्हा नाकारला गेला. कासीमचाचा वारले. वारज्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला गेलो. मशिदीचं काम मी तिथून ये-जा करून सांभाळत राहिलो. हमीदची बायको शबाना दर ईदला शीरखुर्मा पाठवायची, आधी पाठवायची तसाच. एकदा स्वतः आली. "भाईजान," म्हणाली, "हे म्हणतात, त्याला काही विचारू नकोस, त्याच्या घरात मुलगी आहे." मी मान डोलावली. आमच्या घरात मुलगी होती, तिच्या घरात दोन होत्या.

हमीदची आई गेली, तेव्हा त्याला काही तासांसाठी आणलं. कफन, दफनाची जागा, गाडी — सगळं मी बघितलं होतं. जनाज्याला खांदा देताना तो माझ्या पुढेच होता, दोन पोलीस बाजूने चालत होते. कब्रस्तानात माती देऊन झाल्यावर तो माझ्याजवळ आला. केस पांढरे झाले होते. म्हणाला, "व्यवस्था चांगली ठेवलीस. अम्मीला काही कमी पडलं नाही." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी घरी जाऊन झोपलो असतो.

गेल्या वर्षी त्याला जामीन मिळाला. दुकान कधीच बंद झालं आहे. आठवड्यातून एकदा चौकीत हजेरी लावतो, परवानगीशिवाय पुण्याबाहेर जाता येत नाही. ज्या तरुणासाठी तो उभा राहायचा, तो अजून आत आहे. त्याची आई आता हमीदच्या घरी येते आणि हमीद तिचे अर्ज हाताने लिहितो. शुक्रवारी, जुम्याच्या नमाजला, तो मशिदीत येतो. जागा असेल तर माझ्या शेजारच्या जागी उभा राहतो, खांद्याला खांदा लावून, कारण नमाजाच्या ओळीत, सफमध्ये, तसंच उभं राहायचं असतं. मला विचारत काही नाही. तब्येत कशी आहे, गुडघा कसा आहे — एवढंच. मी त्याच्याआधी यायला लागलो, तर तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. उशिरा यायला लागलो, तर मागच्या ओळीत बसून राहिला, माझ्यासाठी.

खटला आता चालतोय. सरकारी साक्षीदार संपले. बचावाच्या साक्षी सुरू होणार आहेत. वकीलबाईने गेल्या आठवड्यात मला मेसेज पाठवला — तारीख, कोर्टाचा नंबर, आणि खाली, "समन्स काढणार नाही. हमीद नको म्हणतात. स्वतःहून आलात तर या."

आता फ्लॅट माझ्या नावावर आहे. मुलगी बंगळुरूला असते, तिची पडताळणी केव्हाच झाली. जी कारणं होती ती एकेक करून संपली, आणि तरी मी जिथे होतो तिथेच आहे. तेव्हा बोललो असतो तर घाबरलेला निरोप्या ठरलो असतो. आज बोललो तर इतकी वर्षं सगळं माहीत असून शीरखुर्मा खाणारा माणूस ठरेन. तेव्हाच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी आहे. यात पोलीस कुठेच नाहीत.

त्या सकाळी हमीद मशिदीतच होता. मी समोर बसलो होतो.

तारीख येत्या गुरुवारी आहे. मी सुट्टी टाकलेली नाही.