शेळगावातनं ऐकू येणारा दुतार

बारामतीच्या एसटी स्टँडवर आबांनी माझी बॅग गाडीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "घोर लावून घिऊ नगं. तुज्या दोन्ही पोरी आमी सांभाळतो." पोरी म्हणजे माझ्या दोन पांढऱ्या उंदरिणी, शेवंती आणि जाई. मी कझाकस्तानात, अल्माटीला डॉक्टरकी शिकायला निघाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं ते या दोघींसाठी. आईला ते अजून लागलेलं आहे.

शेळगावात उंदीर पाळायचे म्हणजे येडेपणाच. बारामतीत कॉलेजला असताना शोभेच्या माशांच्या दुकानातनं मी त्या आणल्या, तेव्हा आख्खी आळी हसली. बाप दरवर्षी उसात उंदरांचं औषध टाकतो आणि पोरगी घरात उंदरांना काकडी चारते! त्याच दिवसांत मोबाईलवर एक उइगुर गाणं सापडलं. दुतार नावाचं लांब मानेचं, दोन तारांचं वाद्य. शब्द एक कळत नव्हता, पण ते लागलं की दोघी चिंध्यांतनं नाक काढायच्या, मिशा हलवत जिन्याखालच्या पिंजऱ्याच्या जाळीशी यायच्या. म्हणून जाताना जुना मोबाईल आबांच्या हातात दिला. म्हटलं, रोज संध्याकाळी एवढं एक गाणं लावा.

आणि माझं नशीब बघा, इथली घरमालकीणच उइगुर निघाली. रेहान आपा. त्यांचे वडील सरहद्दीपलीकडनं, चीनमधनं आले ते परत गेलेच नाहीत. रविवारी आपा लगमान करतात, हातानं ओढलेल्या लांबलचक शेवया, आणि जेवणं झाली की दुतार घेतात. तेव्हाच मी घरी फोन लावायचे. आबा म्हणायचे, "ह्ये बघ, लावलं तुजं गाणं. आल्या दोगी जाळीपाशी. जाई लई आगाव हाय." फोनमधनं खरंच दुतार वाजायचा. मी फोन आपांच्या कानाला लावायचे. माझ्या शेळगावात दुतार वाजतोय म्हणून त्या डोळे पुसायच्या.

वर्षानं सुट्टीला गेले. चपला न काढताच जिन्याखाली वाकले. पिंजऱ्यात लसूण भरून ठेवलेला.

आईनंच सांगितलं, "तू गेलीस त्याच दिवशी ह्यांनी उसात सोडल्या."

उसात! मांजरं, मुंगसं, साप, वर आबांचंच औषध. माणसाच्या हाताला सोकावलेल्या, पांढऱ्याशुभ्र. एक दिवस तरी निघाला असेल का त्यांचा?

"आगं, उंदरंच ती," आबा म्हणाले. "आन तुला सांगितलं आसतं तर आभ्यासात ध्यान ऱ्हायलं आसतं व्हय?"

"आणि वर्षभर गाणं कुणाला ऐकवत होता, लसणाला?" मी ओरडले. आबा वैरण टाकायला निघून गेले. सोडलं, ते एक वेळ गिळीन मी. पण माझंच गाणं लावून मला फसवलं, ते काही केल्या खाली उतरत नाही.

आता अल्माटीत परतल्यावर आपांनी दुतार काढला की मी भांडी घासायला उठते. पोरीला घर आठवलं, असं त्या समजतात. खरं सांगायची मला लाज वाटते.

घर सोडून लांब गेलेल्यांनो, तुमचं मला माहीत नाही. माझं घर आता हजेरी घेण्यापुरतं उरलंय. आबा रविवारी फोनवर म्हणतात, "हितं समदी बरी हायत." पूर्वी तेवढ्यावर मी निवांत व्हायचे. आता म्हणते, आईला द्या.

परवा म्हणाले, "निजलीया ती."

म्हटलं, "उठवा तिला."