पाहुण्यासाठी भरलेले हंडे

पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवर मी तेव्हा नवखा ग्रामसेवक होतो. विहिरीसाठी सिमेंट आणि सुरुंगाची दारू सरकार देणार, दगड आणि अंगमेहनत वाडीची, आणि जागाही वाडीनेच ठरवायची, असं ठरलं होतं. देवळात तीन बैठका झाल्या, भांडणं झाली, एकदाची जागा नक्की झाली. आता ओव्हरसियरसाहेबांनी येऊन टंचाई डोळ्यांनी पाहायची होती. आमच्या भागाला त्या साली विहीर एकच मिळणार होती आणि उमरठकडची एक वाडीही टपून बसली होती.

घोळ घातला तो मीच. आदल्या दिवशी शहाणपणा करून सांगितलं, "साहेब येतायत, पाहुणचारात कमी पडू नका."

नाहीच पडले. साहेब आले तर प्रत्येक ओटीवर घासलेले हंडे काठोकाठ भरलेले. पाय धुवायला एक अख्खा हंडा, तोंडावर मारायला तांब्या, वर गूळपाणी. साहेब पाय पुसत म्हणाले, "इथे तर पाणी मुबलक दिसतंय. मग दुसऱ्या वाडीचं आधी बघू."

वाडीच्या पाटलांना बाजूला नेऊन विनवलं, खरं काय ते साहेबांना सांगा, तर म्हणतात, "भाऊसाहेब, तांब्या हातात देऊन पानी नाय असं पाव्हन्याला कसं सांगायचं?" मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझाच.

शेवटी हातापाया पडून साहेबांना दरीतल्या झऱ्यावर नेलं. वाटभर एकच धास्ती, तिथेही पाणी दिसलं तर? दिसलं नाही. बायांनी पहाटेपासून झरा खरवडून नेला होता. ओल्या खड्ड्याशी एक म्हातारी करवंटी लावून थेंब गोळा करत बसली होती. तिच्या हंड्याचा तळ जेमतेम झाकला होता.

साहेब आपल्या पायांकडे बघत राहिले. मग वही काढून त्यांनी उभ्या उभ्याच शिफारस लिहिली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात म्हातारीने करवंटी पुढे केली. "घ्या, उन्हातनं आलाव." साहेबांनी ती घेतली आणि हळूच तिच्या हंड्यात ओतली.

म्हातारी उसळली. "आमचं पानी चालत नाय काय तुमाला?"

तिने हंडा कलता करून होतं नव्हतं ते करवंटीत काढलं आणि पुन्हा पुढे केलं. साहेब मान खाली घालून प्यायले. मला बघवेना. म्हातारी मात्र खूश होऊन, रिकामी करवंटी घेऊन पुन्हा खड्ड्याशी बसली.