हसुरामचं कार्ड नॉर्मल होतं

हसुरामच्या बीपीच्या कार्डावर शेवटच्या वर्षभरात एकही वाईट आकडा नाही.

आणि हसुराम नाही.

आज एक महिना झाला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: पनवेलजवळ नेऱ्याच्या बाजूला आमचं गाव, तिथलाच तो. माझ्या मंडपाच्या धंद्यातला पहिला माणूस. मी चार बांबू आणि भाड्याच्या ताडपत्रीवर सुरुवात केली, तेव्हा बांबूचं दुसरं टोक त्याने धरलं होतं. आज पनवेल-कामोठ्यात आपले मंडप लागतात, त्यातली प्रत्येक गाठ त्यानेच पोरांना शिकवलेली.

आमच्या गावच्या आशा सेविका वनिताताई. गावचीच सून. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी देवळाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसतात. बीपी मोजतात, कार्डावर लिहितात, महिन्याच्या गोळ्या देतात.

पहिल्याच खेपेला हसुरामचा, आमच्या हशाचा, आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"दादा, गोळी रोज घ्यायची. आणि सुकट, पापड, लोणचं कमी. मीठ कमी करा."

"वनिता गो, माझा बाप मिठागरात राबला, आजा मिठागरात राबला. आमाला मीठ काय करतंय?"

"ते गेले कशाने?"

"बसल्या जागी. पटकन."

सगळा ओटा हसला. ताई हसल्या नाहीत.

दोन महिने त्याने गोळी घेतली. मग एक दिवस टेम्पोत मला म्हणाला, "पाय सुजतात रे. शिडीवर जड वाटतात. डोकं तं दुखत नाय, मंग खायच्या कशाला?"

बंद केल्या.

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी आकडा चढलेला. ताईंनी सगळ्यांसमोर झापलं. हशाला ते फार लागलं.

तेव्हा मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. लपवून आता उपयोग नाही.

"अरे, मोठी पार्टी साइट बघायला येणार असली की आपण काय करतो? आधी दोन दिवस सगळं चकाचक. तसंच कर. शनिवारपासून खा, मंगळवारी दाखव, बुधवारपासून आराम."

तो इतका हसला की टेम्पो कडेला घ्यावा लागला.

मी विसरून गेलो. तो नाही विसरला.

माझे कान तसे तिखट. सहा-सात महिन्यांनी ओट्याजवळून जाताना रांगेतल्या दोघींचं बोलणं ऐकलं.

"घेतल्यास काय गो शनवारपासून?"

"घेतल्या तं! नायतर वनिता वरडंल."

माझंच वाक्य. अख्ख्या गावात फिरून आलेलं.

मला गंमत वाटली. घरी येऊन बायकोला जोक म्हणून सांगितलं.

तिकडे आरोग्य केंद्राच्या मीटिंगमध्ये ताईंचं कौतुक होत होतं. गावाचं बीपी कंट्रोलमध्ये आलं म्हणून.

मागच्या महिन्यात नवीन पनवेलला एका हॉलबाहेर कमान बांधत होतो. भर सकाळी. हशा वर चढलाही नव्हता, खाली उभा होता. "दोरी दे" म्हणाला, आणि शब्द वाकडा आला. उजवा हात लोंबकळला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची गोळी चालू होती?"

हशाच्या बायकोने, वहिनींनी, पिशवीतून कार्ड काढून दिलं. डॉक्टर बराच वेळ ते कार्डच बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी गेला.

दहाव्यानंतर वनिताताई घरी आल्या. मी तिथेच होतो. वहिनींशी दोन शब्द बोलल्या आणि मला बाहेर पडवीत म्हणाल्या, "दादा, मशीन दोनदा तपासून आणलं. चांगलं आहे म्हणतात. मग माझाच हात चुकत असेल. सगळ्या गावाचं मी चुकीचं लिहिलं असेल. आता अजून कोणाच्या घरात..."



दिवसाला शंभर माणसांशी बोलणारा मी. चहाच्या कपात बघत बसलो.

आज मंगळवार. आज बोललो.

ओट्यावर, रांगेसमोर, सगळं. अक्कल कोणाची ते पण.

ताईंनी एकच विचारलं. "पाय सुजत होते त्यांचे? मग मला का नाही सांगितलं? डॉक्टरांनी गोळी बदलून दिली असती."

"एवढंच?"

"एवढंच हो दादा."

मग रांगेच्या मागून आवाज आला. हशाच्या बायकोचा.

"माझं पन खरं लिही वनिता. मी बी शनवारवालीच हाय. या महिन्यात तं एक पन नाय घेतली. कशात ध्यान नव्हतं."

ताईंनी मोजलं. पाच मिनिटं बसवून परत मोजलं. मग कार्डावर न लिहिता माझ्याकडे बघितलं. "गाडी काढा. आत्ता."

हे मी आरोग्य केंद्राच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय.

वहिनी आत आहेत. डॉक्टरांनी औषध दिलंय, थोड्या वेळाने परत मोजणार म्हणाले. मगाशी नर्स बाहेर आल्या, तर मी ताडकन उभा राहिलो. त्या पाणी प्यायला आल्या होत्या.

तिकडे ताई ओट्यावर पहिल्यापासून सगळ्यांना विचारायला बसल्यात. नुसतं मोजत नाहीत, गोळी घेतली की काय होतं ते विचारतायत. मगाशी फोन आला, अजून चौघांनी कबूल केलं. जे आज ओट्यावर आलेच नाहीत ते कुठेत, शेतावर की घरी, माहीत नाही.

तुमच्या घरी कोणाला बीपी असेल तर आज कार्ड बघू नका. गोळ्यांची पाकिटं बघा, किती शिल्लक आहेत ते. आणि शिल्लक असतील तर ओरडू नका. का राहिल्या ते विचारा.

हशा, माफी मागत नाही. तू हसण्यावारी नेशील, आणि ते मला नाही सोसायचं.

आता दार उघडलं की कोणीतरी येऊन आकडा सांगेल. तो बरा असू दे.

वहिनींना घरी पोचवल्याशिवाय मी इथून हलत नाही.

तू नीट जा, दोस्ता. शेवटचा रामराम.